देवाला जाब विचारणारा वाणी

भीमाशंकरला जायचे म्हणजे मंचर सोडायचे, घोडेगाव मागे टाकायचे, डिंभ्याला धरणाची भिंत डाव्या-उजव्या हाताला पाहत घाटाला लागायचे. आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या शिवेवरचे हे ज्योतिर्लिंग. श्रावणात या रस्त्याने मी अनेकदा गेलो आहे. खाचरांतून भाताची लावणी नुकतीच उरकलेली असते, धुके इतके उतरते की पुढची गाडी केवळ तिच्या दिव्यांवरून ओळखावी लागते आणि पायऱ्या उतरून गाभाऱ्यापर्यंत पोचेतो अंगावरचा एक धागाही कोरडा राहत नाही. त्रिपुरासुराशी लढून दमलेल्या महादेवाच्या घामातून भीमा नदी उगम पावली, अशी इथली कथा. देवालाही घाम फुटतो, ही कल्पना मला लहानपणापासून आवडत आली आहे.

२०१४ साली मात्र मी भीमाशंकरपर्यंत गेलोच नाही. त्या वर्षी २८ जुलैला पहिला श्रावणी सोमवार होता. ३० जुलैच्या सकाळी, डिंभ्याच्या जलाशयापलीकडच्या डोंगरात वसलेल्या माळीण गावावर कडा कोसळला. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला जिथे गाव असायचे तिथे गावच दिसेना, आणि बातमी बाहेर पडली. चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली, दीडशेहून अधिक माणसे गेली. बहुतेक सारी महादेव कोळी समाजाची. एक आई आणि तिचे काही महिन्यांचे बाळ ढिगाऱ्यातून जिवंत निघाले, तेव्हा देव तारी त्याला कोण मारी, असे सगळीकडे म्हटले गेले. गावची शाळा तेवढी उभी राहिली.

आम्ही चार मित्र त्या आठवड्यात धान्य आणि चादरी घेऊन गेलो होतो. रस्त्याच्या कडेला साठीचा एक गृहस्थ घोंगडी पांघरून बसला होता. त्याची बहीण माळीणला दिलेली. चहाचा पेला हातात घेऊन त्याने आम्हाला अगदी शांतपणे विचारले की, भीमाशंकराला सगळे दिसते असे आम्ही पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो. मग ही माती सुटताना त्याला दिसली नाही का? आणि दिसली असेल तर त्याने ती धरली का नाही? आमच्यातल्या एकाने प्रारब्धाचा शब्द काढला. त्यावर तो म्हणाला की पाळण्यातल्या पोराचे कसले प्रारब्ध, ते तरी सांगा. मी गप्प बसलो. दुसरे काही सुचलेच नाही.

हा प्रश्न नवा नाही. जग निर्माण करणारा सर्वशक्तिमान असेल आणि दयाळूही असेल, तर जगात दुःख का, हा पेच ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस याच्या नावावर सांगतात. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांतही तो आहे. ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निष्ठुरपणा, असे दोन आरोप तिथे मांडले आहेत. आणि ज्याचे त्याचे कर्म हे उत्तर देऊन आचार्यांनी ईश्वराला त्यातून सोडवले आहे. भीमाशंकरच्या उत्तरेला जुन्नरभोवतीचे डोंगर बौद्ध लेण्यांनी कोरलेले आहेत. त्यांतल्या मानमोडी डोंगरावरच्या एका लेणीसमूहाला तर भीमाशंकर हेच नाव आहे. तिथे राहिलेल्या भिक्षूंनी दुःख मान्य केले, त्याची कारणे शोधली. पण जगाचा कोणी कर्ता आहे असे मानलेच नाही, त्यामुळे त्याला आरोपी करण्याचाही प्रश्न आला नाही. युरोपात १७५५ साली, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चर्च माणसांनी भरलेली असताना लिस्बन शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले आणि व्हॉल्टेअरसारख्या माणसाचा, जे होते ते बऱ्यासाठीच होते या सिद्धान्तावरचा उरलासुरला विश्वास उडाला. आपल्या गोपाळ गणेश आगरकरांनी, अवघ्या एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात, बुद्धीला न पटणारे सारे बाजूला ठेवण्याची वाट महाराष्ट्राला दाखवली.

या सगळ्या वाटा मला ठाऊक होत्या. पण रस्त्याच्या कडेला बसलेल्या त्या माणसाला त्यांतली एकही उपयोगाची नव्हती. त्याला देव सोडायचा नव्हता, आणि देवाला सोडूनही द्यायचे नव्हते. घरी परतताना मला वाटू लागले की या माणसाचा पूर्वज मला माहीत आहे. भीमाशंकरला उगम पावणाऱ्या भीमेला तुळापूरला जी इंद्रायणी मिळते, तिच्या काठी, देहू गावात तो राहत होता. तुकाराम बोल्होबा मोरे. आडनावाने आंबिले, जातीने कुणबी, व्यवसायाने वाणी.

*

तुकोबांचे चरित्र आपल्याला कीर्तनातून, चित्रपटातून आणि शाळेच्या पुस्तकांतून इतके परिचयाचे झाले आहे की त्यातले दुःख आता कुणाला बोचत नाही. विमान, टाळ आणि डोक्यावर तुळस एवढेच डोळ्यांपुढे येते. म्हणून ते थोडे मागून, हिशेबाच्या वहीसारखे पाहिले पाहिजे. वाण्याचे आयुष्य आहे ते. जमाखर्चाच्या भाषेतच ते नीट उलगडते.

जन्म सर्वसाधारणपणे १६०८ चा मानतात. घर खातेपिते. पेठेची महाजनकी, शेती, दुकान, थोडी सावकारी. घराण्यात विठ्ठलाची उपासना विश्वंभरबावांपासून चालत आलेली. पंढरपूरची वारी घरचीच. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा, म्हणून व्यवहार मधल्या तुकारामाच्या गळ्यात आला. धाकटा कान्होबा. पहिली बायको रखुमाई. तिला दम्याचा विकार, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातली जिजाई ही दुसरी केली. तेरा-चौदा वर्षांचा हा मुलगा दुकानावर बसू लागला आणि बसला तो चांगला बसला. देणेघेणे चोख, माणसे जोडलेली. इथपर्यंत देवाविषयी तक्रार करण्याचे कारण नव्हते.

मग सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास खर्चाची बाजू सुरू होते. आईवडील गेले. थोरल्या भावाची बायको गेली आणि सावजी तीर्थाटनाला निघून गेला. घराचा भार पोरसवदा खांद्यांवर आला. धंद्यात खोट बसू लागली.

आणि १६३० साली पाऊस आला नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जुन्नरजवळ शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला होता, हे वाचकांना सांगायला नको. पण ज्या मुलखात ते जन्मले त्याची त्या वर्षी काय दशा होती, हे आपण क्वचित आठवतो. शहाजहान बादशहा दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास येऊन बसला होता. निजामशाही ढासळत होती. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला, असे इतिहास सांगतो. दख्खन आणि गुजरातेत माणसांनी काय काय खाल्ले, याची खुद्द बादशाही बखरकारांनी केलेली वर्णने अंगावर काटा आणणारी आहेत. पाऊस देवाने रोखला असे मानले, तरी उभे पीक घोड्यांना चारणाऱ्या आणि गावे पेटवणाऱ्या फौजा माणसांच्याच होत्या.

या दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले. दिवाळे ही वाण्याच्या लेखी मृत्यूहून लाजिरवाणी गोष्ट. आणि मग मृत्यूही आला. रखुमाई अन्नावाचून गेली. धान्याच्या व्यापाऱ्याची बायको धान्यावाचून मेली. तिचा मुलगा संतू, तोही गेला. पुढे संतमंडळींनी आग्रह केल्यावर तुकोबांनी स्वतःची हकीकत एका अभंगात सांगितली आहे. तिच्यात बायकोच्या मरणाला त्यांनी फार शब्द खर्च केलेले नाहीत. भुकेने ती गेली, मान गेला, आपल्याला लाज वाटली आणि जीव दुःखाने गांजला, एवढेच. हे इतके थोडक्यात सांगणे मला फार मोठ्याने रडण्यापेक्षा अधिक जड वाटते.

पुढच्याच वर्षी, १६३१ च्या जूनमध्ये, बुऱ्हाणपुरास बादशहाची बायको मुमताजमहल बाळंतपणात वारली. तिच्यासाठी आग्र्याला काय उभे राहिले ते जगाला माहीत आहे. देहूच्या रखुमाईची साधी समाधीही नाही. आणखी दोन वर्षांनी, १६३३ मध्ये, त्याच मुरार जगदेवाने इंद्रायणी आणि भीमेच्या संगमावर हत्तीची तुला केली, नावेत हत्ती चढवून त्याच्या भाराइतके दान वाटले, म्हणून त्या गावाचे नाव तुळापूर पडले, अशी परंपरा आहे. ज्या हातांनी पुण्यावर नांगर फिरवला त्याच हातांनी हे पुण्य जोडले. देवाकडे हिशेब असलाच, तर तो त्याने कसा मांडला असेल, असा विचार त्या संगमावर उभा राहिलो की मनात येतो.

*

आता तुकोबांनी काय केले, ते पाहू. माझ्या मते सारे चरित्र इथे वळते.

ते देहूजवळच्या भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवस. तिथे काय झाले याविषयी परंपरा साक्षात्काराची भाषा बोलते. कान्होबा शोधत आला, तेव्हा दोघे इंद्रायणीवर उतरले. घरी सावकारीची खते होती. कुळांनी घेतलेल्या कर्जाचे कागद. दुष्काळात सारे गेले तरी ही खते शिल्लक होती आणि त्यांच्या जोरावर दुकान पुन्हा उभे करता आले असते. महिपतीबावा सांगतात की तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले, निम्मी खते धाकट्या भावाला त्याच्या संसारासाठी दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली.

महिपतींनी हे लिहिले ते तुकोबांनंतर शतकाहून अधिक काळाने, भक्तविजय आणि भक्तलीलामृत या ग्रंथांच्या काळात. तेव्हा त्यातला प्रत्येक तपशील न्यायालयात टिकेल असे नाही. पण लोकांनी जी गोष्ट इतकी वर्षे जपून ठेवली, तिला अर्थ आहे. दुष्काळाने होरपळलेला माणूस डोंगरावरून देवाचे उत्तर घेऊन खाली आला, असे आपल्याला वाटते. त्याने खाली आल्यावर पहिली गोष्ट केली ती कर्जमाफीची. पाऊस पाडणे त्याच्या हाती नव्हते. रखुमाईला परत आणणे नव्हते. शेजाऱ्याच्या गळ्याभोवतीचा एक फास मात्र त्याच्या हातात होता, तो त्याने सोडला. वाटणीही किती समंजस पाहा. भावाच्या संसाराचा वाटा आपल्या वैराग्यासाठी बुडवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्याने ओळखले.

त्यानंतर पडझड झालेले घरचे विठ्ठलाचे देऊळ त्यांनी स्वतः माती कालवून नीट केले. संतांचे अभंग पाठ केले, कीर्तनात मागे उभे राहून धरू लागले. स्वप्नात नामदेव पांडुरंगासह आले आणि कविता करण्याचे काम सोपवून गेले. माघ शुद्ध दशमीला, पुन्हा स्वप्नातच, बाबाजी चैतन्यांनी उपदेश दिला. या चैतन्यांची समाधी म्हणून वारकरी ज्या स्थानाला मानतात ते जुन्नर तालुक्यातले ओतूर. श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेला जाणारे पुष्कळ लोक त्या समाधीवरही डोके टेकतात. दुष्काळाने सारे नेले आणि मग त्या माणसाला गुरू मिळाला तोही झोपेत, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. जागेपणी समजावून सांगणारे पुष्कळ असतील. त्यांचे समजावणे त्याला पटले नसावे.

*

इथे एका अडचणीच्या जागी थांबले पाहिजे. तुकोबांचा एक प्रसिद्ध अभंग आहे. त्यात ते देवाचे आभार मानतात: दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडले ते बरे झाले, बायको मेली, फजिती झाली, सारे बरे झाले, त्यामुळेच मी तुझ्याकडे वळलो. कीर्तनकार हा अभंग मोठ्या प्रेमाने लावतात. मला तो बरीच वर्षे सोसवत नसे. भुकेने मेलेल्या बायकोला नवऱ्याच्या परमार्थाची पायरी करायचे, हे कसले देवाचे नियोजन? रखुमाईच्या बाजूने पाहिले तर तिचे काय बरे झाले? माळीणच्या त्या गृहस्थाला हा अभंग ऐकवण्याचे धाडस मी केले नसते, कुणी करू नये.

पण गाथा सलग वाचायला घेतली, तेव्हा लक्षात आले की हा अभंग तुकोबांचा निकाल नाही. तो एका दिवसाचा अभंग आहे. मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ ते १८७३ या काळात छापलेल्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, आणि त्यांत दुसऱ्या दिवसांचे अभंग शेकड्यांनी आहेत. तिथे हाच माणूस विठ्ठलाला ऋणको म्हणतो. घेतलेले परत न करणारा, भक्तांच्या जिवावर मोठा झालेला, दारात धरणे धरल्याखेरीज हात सैल न करणारा. तो त्याला चोर म्हणतो, भिकारी म्हणतो, निर्दय म्हणतो. भक्त नसता तर तुला नावरूप कोणी दिले असते, असे बजावतो. एका ठिकाणी तर माझ्यापुरता देव संपला, कुणाला असेल तर असो, इथपर्यंत येऊन ठेपतो. नीत्शेने देवाचा मृत्यू जाहीर केला त्याच्या दोन शतकांहून आधी, इंद्रायणीकाठच्या एका माळकऱ्याने हे लिहिले. आणि तो पुन्हा दुसऱ्या दिवशी कीर्तनाला उभा राहिला.

शास्त्री लोकांनी वैषम्य आणि नैर्घृण्याचा आरोप मांडला तो तो खोडून काढण्यासाठी. तुकोबांनी तो मांडला आणि तसाच उभा ठेवला. स्वतःच्या पापाची कबुलीही त्यांनी पुष्कळ ठिकाणी दिली आहे, संचिताचा उल्लेखही आहे. पण ते देवाच्या सुटकेचे कलम म्हणून नव्हे. मी वाईट आहे हे खरे, पण पतितपावन हे बिरूद तू मिरवतोस, तेव्हा तुझे काम तू कर, असा त्यांचा रोख असतो. वाण्याला करार कळतो. दोन्ही बाजूंची सही असते तेव्हाच तो करार.

वारकऱ्यांचा देव या भांडणाला सोयीचाही आहे. वैकुंठाच्या सिंहासनावरून जग चालवणाऱ्या राजापुढे रयतेने हात जोडायचे असतात. पंढरीचा देव पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर, त्याची सवड होईपर्यंत, ताटकळत उभा आहे. तो जनाबाईबरोबर दळतो, चोखोबाबरोबर ढोरे ओढतो. सर्वशक्तिमान हे विशेषण त्याला लावले जाते खरे, पण लोकांनी त्याच्या ज्या कथा सांगितल्या त्यांत तो शक्ती दाखवताना फारसा दिसत नाही. दुसऱ्याचे काम वाटून घेताना दिसतो. आपल्या लोकांनी तत्त्वज्ञानाचा पेच असा न बोलता सोडवला की काय, असे वाटते. सारे दुःख हटवू शकणारा देव त्यांना अनुभवाला आला नाही, तेव्हा दुःखात शेजारी येऊन बसणारा देव त्यांनी मानला. तुकोबांना मात्र तेवढ्यावर समाधान नव्हते. शेजारी बसतोस ते ठीक, पण बोल, असे त्यांचे म्हणणे.

*

तुकोबांच्या घरात हा वाद आणखी एक व्यक्ती करत होती. तिने अभंग लिहिले नाहीत म्हणून तिची गणना वादकांत होत नाही. ती जिजाई. लोक तिला आवली म्हणतात आणि कजाग म्हणून तिची थट्टा करतात. पण तिची बाजू काय होती? काशी, भागीरथी, गंगा, महादेव, विठोबा अशी मुले, नवरा डोंगरावर, घरात दाणा असला तर तो दारच्या भिकाऱ्याला. देव दयाळू आहे असे नवरा सांगतो, आणि पोर भुकेने रडते. तिने त्या काळ्या विठोबाला शिव्या दिल्या, त्याने आपल्या घराचा नाश केला असे ती म्हणे. आणि तरीही रोज भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढून ती नवऱ्याला शोधत जाई, त्याला जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवत नसे.

एकदा चढताना तिच्या पायात काटा मोडला आणि खुद्द विठ्ठलाने येऊन तो काढला, अशी कथा आहे. या कथेतली मेख अशी की शिव्या देणाऱ्या बाईच्या पायातला काटा देवाने काढला. स्तुती करणाऱ्याच्या नव्हे. ही कथा रचणाऱ्या लोकांना जिजाईचे म्हणणे पटले असले पाहिजे.

पुढे रामेश्वरभट्टांचे प्रकरण झाले. वाघोलीच्या या विद्वान ब्राह्मणाला शूद्राने प्राकृतात वेदार्थ सांगणे सहन झाले नाही आणि तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पूर्वी याच नदीत त्यांनी लोकांची खते सोडली होती, ती स्वखुशीने. आता सोडले ते आयुष्यभराचे काम, तेही दुसऱ्याच्या हुकमावरून. देवळासमोर शिळेवर ते अन्नपाण्यावाचून तेरा दिवस पडून राहिले. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, असे भाविक मानतात. अभंग लोकांच्या मुखी होते, लोकगंगेने ते तारले, असे चिकित्सक म्हणतात. मला दोन्हींपेक्षा ते तेरा दिवस महत्त्वाचे वाटतात. त्या दिवसांत काहीच घडले नाही. देव बोलला नाही, माणसे हसली असतील. ज्याला आपण श्रद्धा म्हणतो ती वह्या वर आल्यानंतरची गोष्ट नसावी. तेराव्या दिवसाची खात्री नसताना सातव्या दिवशी माणूस जसा पडून राहतो, ती ती असावी. पुढे याच रामेश्वरभट्टांनी तुकोबांचे शिष्यत्व पत्करले, ही या हकीकतीतली कुणीही नाकारू नये अशी नवलाची बाब.

१६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, आपण बीज म्हणतो त्या दिवशी, तुकोबा गेले. वारकरी सदेह वैकुंठगमन मानतात. त्यांच्या अंताविषयी वेगळी शंका घेणारेही आहेत. त्या वेळी जिजाई गरोदर होती. जो मुलगा नंतर जन्मला त्या नारायणबाबांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांची पालखी एकत्र पंढरपूरला नेण्याचा परिपाठ सुरू केला. वडिलांचे तोंड न पाहिलेल्या मुलाने लाखो लोकांना त्यांच्या पादुकांमागे चालायला लावले.

*

माळीणची चर्चा पुढे तज्ज्ञांत बरीच झाली. अतिवृष्टी, उतारावरचा मातीचा जाड थर, पडकईसाठी केलेली सपाटी, तुटलेली झाडे, अशी कारणे पुढे आली. वाचलेल्यांसाठी आमडे गावाजवळ नवे माळीण वसवले गेले आणि २०१७ मध्ये घरे ताब्यात दिली गेली. कारणे कळली हे चांगलेच झाले. पुढचे एखादे गाव त्यामुळे वाचेल. १६३० च्या दुष्काळातही निम्मा वाटा माणसांचा होता, हे आपण पाहिले. देवाला जाब विचारताना माणसाच्या नावावरची बाकी आधी वेगळी काढावी, एवढे खतांच्या गोष्टीवरून मी शिकलो. ती काढल्यावरही काही उरतेच. पाळण्यातले पोर उरते. तिथे माझ्याजवळ उत्तर नाही. तुकोबांजवळही नव्हते, हे कळल्यापासून मला त्यांच्याविषयी अधिक आपलेपणा वाटू लागला आहे.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी श्रावणातच भीमाशंकरच्या पायऱ्यांवर तो गृहस्थ पुन्हा भेटला. मी ओळखले नव्हते. त्यानेच चहाची आठवण दिली. देवळाच्या आवारात, वसईच्या मोहिमेतून चिमाजीअप्पांनी आणली असे सांगतात ती पोर्तुगिजांची घंटा टांगलेली आहे, तिच्याजवळ आम्ही पावसाला आडोसा धरून उभे राहिलो. माळीणनंतर दोन वर्षे इकडे फिरकलोच नाही, असे त्याने सांगितले. मग पुन्हा येऊ लागला. नवस बोलत नाही, काही मागत नाही. गाभाऱ्यात जातो, तोच एक प्रश्न विचारतो आणि परत फिरतो. मी विचारले, उत्तर काही मिळाले का. तो हसला आणि त्याने मान हलवली.

बरोबर एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा होता. बहिणीचा. त्या सकाळी तो आश्रमशाळेत होता म्हणून राहिला. मामानेच त्याला वाढवले. पायऱ्या चढून वर येताना मामाने देवाचा विषय पुन्हा काढला नाही. मुलाची बारावी झाली होती. त्याला मंचरला घालावे की पुण्याला पाठवावे, वसतिगृहाला किती पैसे पडतात, याचीच चौकशी तो माझ्याजवळ गाडीतळापर्यंत करत राहिला.